'चूक ओळखा' वाक्यसंच, अभ्यासिका सातारा: कामाच्या नोंदी

११ जून

आजपासून नोंदी ठेवायच्या ठरवल्यात. काम असं आहे की राजवाड्याजवळच्या आमच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरापोरींसाठी 'वाक्यातली चूक ओळखा' या प्रश्नांचा (वाक्य भागांत तोडून दिलेलं असतं, चूक कुठल्या भागात ते सांगायचं, नसेल तर 'चूक नाही' हा पर्याय) एक संच करायचा, वाक्यं आपण तयार केलेली आणि प्रत्येक उत्तरापुढं कारण लिहिलेलं. कारण लिहिणं हेच खरं काम. बाजारात गाइडं ढिगानं मिळतात पण मागं नुसतं 'पर्याय ३' छापलेलं असतं, का ते कुठंच नाही, मग पोरं उत्तर पाठ करतात आणि तेच वाक्य जरा फिरवून आलं की अडकतात.

इथं बसणारे म्हणजे निम्मे पोलीस भरतीचे, पहाटे शाहू स्टेडियमवर नाहीतर अजिंक्यताऱ्याच्या चढाला पळून येतात आणि दहा वाजता डोळे चोळत व्याकरण उघडतात. बाकी तलाठीवाले, एमपीएससी गट ब आणि क वाले, दोघंचौघं स्टाफ सिलेक्शनचे. भाषेचं वजन कुठंच कमी नाही. २०२३च्या तलाठी भरतीत १०० प्रश्नांत २५ मराठीचे आणि २५ इंग्रजीचे होते, म्हणजे निम्मा पेपर भाषेचाच. पोलीस भरतीच्या लेखीत गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान यांच्या जोडीला मराठी व्याकरण आहे आणि सगळं मिळून ९० मिनिटं. तरी अभ्यासाच्या टाइमटेबलात मराठी सगळ्यात शेवटी, 'आपलीच भाषा आहे, बघू नंतर' म्हणून.

१४ जून

आज नुसतं ऐकलं. पाचसहा जणांना वाक्यं दिली आणि म्हटलं, मोठ्यानं बोलत बोलत सोडवा, डोक्यात काय चाललंय ते कळू दे. सगळे एकच करतात. वाक्य एकदा मनात म्हणून बघायचं आणि कानाला खटकलं का ते तपासायचं. खटकलं तर चूक, नाही खटकलं तर 'चूक नाही'वर गोल.

आता यात अडचण अशी की कान घरात तयार झालेला असतो आणि पेपर पुस्तकातल्या मराठीचा असतो. जतचा एक पोरगा आहे, हुशार आहे, गणितात सगळ्यांच्या पुढं. 'मी सगळे काम केलो' हे वाक्य त्यानं बरोबर धरलं. त्याच्याकडं असंच बोलतात, कानडी मुलुख लागून आहे, त्याच्या कानाला ते खटकणारच नाही. पाटणच्या मुलीला दिलं होतं, 'सुनीता म्हणाली, मी उद्या येतो.' तिनंही 'चूक नाही' केलं, कारण इकडं गावाकडच्या बायका स्वतःबद्दल 'येतो, जातो, आलो' असंच बोलतात, माझी आई दारातनं निघताना अजून 'येतो गं' म्हणते. ही बोली कुठल्याही अर्थानं चुकीची नाही आणि हे मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं. पेपर फक्त प्रमाणभाषेचं विचारतो. पण मग कानावर सोडून चालणार नाही, कानाशिवाय दुसरं काहीतरी हातात द्यावं लागेल, आणि ते काय हे ठरवणं हाच या संचाचा गाभा आहे असं मला आता वाटायला लागलंय.

१५ जून

शीट उघडली. रकाने: वाक्य, भाग १ ते ४, चूक कुठं, दुरुस्त वाक्य, कारण, आणि शेवटी 'घरात काय म्हणतो'. हा शेवटचा रकाना पोरांनी भरायचा.

१९ जून

पद्धत सापडली, निदान सुरुवात तरी. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि तेच कुणाच्या तरी मागं चालतं, लिंग वचन त्याच्याकडून घेतं. मग वाक्य पुढून म्हणत बसण्यापेक्षा शेवटचं क्रियापद धरायचं आणि विचारायचं, तू कुणामागं चाललंयस? आणि तिथनं मागं मागं यायचं.

आज फळ्यावर घेतलेलं वाक्य:

गेल्या आठवड्यात झालेल्या पावसामुळे / कोरेगाव तालुक्यातील अनेक गावांतील / सोयाबीनच्या उभ्या पिकांचे / मोठी नासाडी झाली आहे.

जवळजवळ सगळ्यांनी 'चूक नाही' केलं. वाक्य बातमीसारखं आहे, सरळ वाहत जातं, अडखळायला होत नाही. आता शेवटून या. 'झाली आहे', कोण झाली? नासाडी. 'मोठी' नासाडीला जुळतं, ठीक. नासाडी कुणाची? इथं बोट ठेवलं की दिसतं, 'पिकांचे' लिहिलंय, पाहिजे 'पिकांची'. कान फसतो कारण 'पिकांचे नुकसान' हे दोन शब्द आपण पेपरात इतक्यांदा एकत्र वाचलेत की 'पिकांचे' आलं की डोकं नुकसान धरून पुढं जातं, पुढं छापलंय नासाडी हे बघतच नाही. चा-ची-चे हा प्रत्यय कायम पुढच्या नामाचं ऐकतो, मागच्याचं नाही, पिकं किती आहेत आणि कुठल्या लिंगाची आहेत याचा त्याला काही संबंध नाही. हे एकदा पक्कं झालं की बरीच लांबलचक वाक्यं दोन सेकंदात मोकळी होतात.

त्याच पद्धतीनं लगेच दुसरं दिलं, 'साताऱ्याचे कंदी पेढे मला फार आवडते.' क्रियापद 'आवडते', आवडतं कोण? पेढे. मग 'आवडतात'. 'मला' कितीही जवळ बसलेलं असलं तरी क्रियापद त्याच्यामागं जात नाही. तसंच 'मला चार वह्या पाहिजे', इथं 'पाहिजेत'. बोलताना आपण सगळेच 'चार वह्या पाहिजे' म्हणतो, पेपर नेमका तिथंच धरतो.

२३ जून

आज भूतकाळ. हा विषय मोठा आहे आणि इथंच सगळ्यात जास्त मार्क जातात म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

पुस्तकात तीन प्रयोग दिलेले असतात, कर्तरी कर्मणी भावे, व्याख्या पोरांना तोंडपाठ असतात आणि वाक्यात चूक मात्र सापडत नाही, कारण व्याख्येवरनं वाक्यापर्यंत यायचा रस्ता कुणी दाखवलेला नसतो. आम्ही तो असा केला. कर्त्याला 'ने' लागलाय का बघा. लागला असेल तर क्रियापद कर्त्यामागं जाणारच नाही. मग कर्म बघा. कर्म मोकळं असेल तर क्रियापद त्याच्यामागं, 'मुलाने चिंच खाल्ली, मुलाने आंबे खाल्ले'. कर्मालाही 'ला' किंवा 'ना' लागला असेल तर क्रियापदाला चालायला कुणीच उरलं नाही, ते नपुंसकलिंगी एकवचनात उभं राहतं. म्हणून 'पोलिसांनी चोर पकडला' बरोबर, 'पोलिसांनी चोराला पकडले' बरोबर, पण 'पोलिसांनी चोराला पकडला' चूक. हे तिसरं आपण रोज बोलतो, 'गाडीनं कुत्र्याला उडवला' असं अगदी सहज येतं तोंडात. 'वडिलांनी दोन्ही मुलींना पुण्याला शिकायला पाठवल्या', इथंही तेच, मुलींना 'ना' लागलाय, म्हणजे 'पाठवले'.

खरी गोची 'मी'ची. 'मी कविता वाचली' आणि 'मी कविता शिकलो', दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, कर्ता तोच, कर्म तेच, एकात क्रियापद कवितेमागं गेलंय आणि दुसऱ्यात माझ्यामागं. 'मी'ला 'ने' दिसतच नाही त्यामुळं पोरं गोंधळतात. तर यावर उपाय असा की 'मी' काढून तिथं 'तो' ठेवून बघायचं. 'त्याने कविता वाचली', लगेच ने बाहेर आला. 'तो कविता शिकला', इथं ने येतच नाही. शिकणे, विसरणे, बोलणे, जेवणे, नेसणे, भेटणे अशी काही क्रियापदं भूतकाळातही कर्त्यालाच धरून राहतात, ती यादी लांब नाही, पाठ करावी. बाकी सगळं 'तो' ठेवून कळतं. 'तू'चं थोडं निराळं, 'तू कविता वाचलीस' यात लिंग कवितेचं आणि शेवटचा स तुझा, पुस्तकात त्याला कर्तृकर्मसंकर म्हणतात, नावाला घाबरायचं कारण नाही.

हे चाललं होतं तेव्हा पाटणची मुलगी म्हणाली, ताई, माझी आजी 'मी' म्हणतच नाही, ती 'म्या' म्हणते, 'म्या सांगितलं नव्हं तुला'. मी म्हटलं, थांब, आजी 'म्या जेवलो' म्हणते का गं? ती जरा वेळ आठवत बसली, मग म्हणाली, नाही, जेवताना 'मी जेवलो'. बघा! प्रमाण मराठीत जो ने दिसेनासा झालाय तो आजीच्या बोलण्यात अजून 'म्या' होऊन उभा आहे. जिथं आजी 'म्या' म्हणते तिथं क्रियापद कर्त्यामागं जाणार नाही, जिथं 'मी' म्हणते तिथं जाणार. आम्ही लगेच पाच-सहा क्रियापदं घेऊन तपासली. म्या केलं, म्या बघितलं, म्या दिलं. मी गेलो, मी आलो, मी विसरलो. सगळीकडं जुळलं.

मला फार आनंद झाला आज. 'घरात काय म्हणतो' हा रकाना मी घरची बोली आणि पेपरची मराठी वेगळी दिसावी म्हणून ठेवला होता, आणि तिथंच उत्तराची किल्ली निघाली. ज्या पोरांना आपलं बोलणं गावंढळ म्हणून शाळेत ऐकून घ्यावं लागलंय त्यांच्या घरात व्याकरण जिवंत आहे, फक्त त्याच्याकडं बघायला कुणी शिकवलं नाही. संचात 'म्या'चं एक पान स्वतंत्र घालणार.

२७ जून

पालखी जिल्ह्यात आहे, तिघंचौघं वारीला गेलेत, अभ्यासिका अर्धी रिकामी. टायपिंग उरकलं.

२ जुलै

आज शब्दांची रूपं आणि शुद्धलेखन. उदाहरणाला बाहेर बघायची गरज नाही, पोवई नाक्यावर उभं राहिलं की पुरे. 'सातारा मध्ये प्रथमच' असा फलक साताऱ्यातल्या प्रत्येकानं पाहिलाय. एका ओळीत दोन चुका आहेत. शब्दयोगी अव्यय नामाला जोडून लिहायचं, तोडून नाही, आणि ते लागताना नामाचं सामान्यरूप व्हायला पाहिजे, सातारा जाऊन साताऱ्या, म्हणजे 'साताऱ्यामध्ये' किंवा सरळ 'साताऱ्यात'. कुणी 'पुणेत' म्हणत नाही, 'पुण्यात'च म्हणतो, मग आपल्याच गावाचं रूप का मोडायचं. मिरजेचंही तसंच, मिरज स्त्रीलिंगी म्हणून 'मिरजेला, मिरजेहून', हल्ली 'मिरजला' सर्रास ऐकू येतं.

त्यात आणखी टायपिंगचा घोळ. 'साताऱ्यात' मधला अर्धा र वेगळा आहे, रफार दिला तर 'सातार्यात' होतं आणि उच्चारच बदलतो. पोरांना 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द शेजारी लिहून दाखवले, एक विद्वानांचा, दुसरा लग्नात स्वयंपाक करणाऱ्यांचा. 'दर्या' आणि 'दऱ्या' पण तसंच. मोबाइलवर हा ऱ शोधायला दोन बटणं जास्त दाबावी लागतात म्हणून लोक सोडून देतात, परीक्षेत छापलेला पर्याय ओळखायचा असतो तेव्हा डोळ्याला सवय पाहिजे.

नियमांचं मूळही सांगितलं कारण पोरांना वाटतं हे कुणीतरी मनानं ठरवलंय. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली आले, १९७२ मध्ये आणखी ४, एकूण १८. अठराच आहेत, एका बैठकीत वाचून होतात. त्यातला पेपरात सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचा. वीट पण विटेला, दूध पण दुधात, जमीन पण जमिनीत, बहीण पण बहिणीला. प्रत्यय लागला की दीर्घ ह्रस्व होतो. पण जे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आलेत त्यांना हात लावायचा नाही, गीत गीतात, शरीर शरीरात, परीक्षा परीक्षेत. 'परिक्षेत' असं लिहिलेलं तर परीक्षेच्या हॉलबाहेरच्या कागदावर बघितलंय मी.

आणि वून की ऊन. यावर कान काहीच सांगत नाही, दोन्ही सारखंच ऐकू येतं. मूळ धातू बघा. धाव, ठेव, जेव यात व आधीच आहे म्हणून धावून, ठेवून, जेवून. जा, ये, घे, दे, हो यात व नाही, म्हणून जाऊन, येऊन, घेऊन, देऊन, होऊन. 'येवून', 'घेवून' दिसलं की चूक. हा नियम पोलीस भरतीवाल्यांना सगळ्यात आवडला, एका ओळीत मावतो आणि कुठं अडत नाही.

७ जुलै

गुरुजी आले होते. जिल्हा परिषद शाळेतनं मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेत, संध्याकाळी पेपर वाचायला येतात. त्यांना म्हटलं, गुरुजी, तुम्ही एकदा सगळी वाक्यं बघा. त्यांनी लाल पेन मागितला आणि तिथंच खुर्ची ओढून बसले.

प्रश्न तयार करणं सोडवण्यापेक्षा अवघड आहे. वाक्यात चूक एकच पाहिजे, आणि ती एकाच भागात बसली पाहिजे. 'प्रत्येक / विद्यार्थ्यांनी आपली फी / वेळेवर भरावी' असं वाक्य होतं. गुरुजी म्हणाले, अगं, यात एक पोरगं म्हणेल 'विद्यार्थ्यांनी'च्या जागी 'विद्यार्थ्याने' करा, दुसरं म्हणेल 'प्रत्येक' काढून 'सर्व' घाला, दोघंही बरोबर आणि भाग दोन वेगळे. काय उत्तर देणार तू? मग 'प्रत्येक विद्यार्थ्यांनी' हे एकाच भागात घेतलं, आता कुणी कसंही दुरुस्त केलं तरी उत्तर एकच. जिथं दोन शब्दांचं जुळत नाही तिथं कायम ही जोडी एका भागात ठेवायची, नाहीतर प्रश्नच मोडतो. बाजारातल्या पुस्तकांमधले निम्मे वाद यातनंच आलेले असतात.

त्याहून मोठं काम वाक्यं टाकून देण्याचं. 'आई आणि मामा आली', 'आले', काय धरायचं? एक स्त्रीलिंगी एक पुल्लिंगी कर्ता एकत्र आला की क्रियापद कसं चालवायचं यावर जाणकारांत एकमत होत नाही, बोलताना दोन्ही चालतं. काढून टाकलं. 'तुम्हांला' की 'तुम्हाला', नियमानं बघितलं तर अनुस्वार, छापील मराठीत बहुतेक ठिकाणी बिनअनुस्वाराचं, काढून टाकलं. 'मी पुस्तक विसरले', हे तर बोलणारा कोण ते कळल्याशिवाय सोडवताच येत नाही, मुलगी बोलत असेल तर बरोबर. ते ठेवलं पण पुढं 'असे रमेश म्हणाला' जोडलं.

आमचा नियम असा झाला की ज्या वाक्यावर दोन वाचलेली माणसं प्रामाणिकपणे भांडू शकतील ते वाक्य संचात नको. परीक्षेला बसणाऱ्या पोराचं वर्ष त्या एका गोलावर जातं. आयोग सुद्धा आधी पहिली उत्तरतालिका काढतो, हरकती मागवतो, मग अंतिम तालिका येते आणि कधी प्रश्न रद्द होतात, म्हणजे तिथंही हे घडतं. आपल्या संचात तरी असं वाक्य असू नये.

गुरुजींनी दोन जोडचुका पण सुचवल्या, 'फक्त दहाच रुपये' आणि 'परत पुन्हा'. फक्त म्हटलं की च नको. आणि 'जरी पाऊस पडला तर सामना होईल', जरीला तरी पाहिजे. ही जोडीची अव्ययं लांब वाक्यात एकमेकांपासून दूर ठेवली की पोरं हमखास चुकतात, तसं एक लांब वाक्य मी केलं.

१२ जुलै

इंग्रजीचा भाग. मला इंग्रजीच्या सगळ्या चुका घ्यायच्या नव्हत्या, मराठी बोलणाऱ्याला ज्या दिसतच नाहीत तेवढ्याच. 'आय ॲम लिव्हिंग इन सातारा सिन्स टू इयर्स.' आपण 'दोन वर्षांपासून राहतोय' म्हणतो, सुरुवातही 'पासून' आणि कालावधीही 'पासून', इंग्रजीत कालावधीला 'फॉर' आणि क्रियापद 'हॅव बीन लिव्हिंग'. 'वुई डिस्कस्ड अबाउट द मॅटर', आपल्याकडं एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा करतात म्हणून 'अबाउट' घुसतो, तिथं काहीच नको. 'शी इज मॅरिड विथ अ सोल्जर', पाहिजे 'टू'. 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे', मराठीत 'काल बघितलंय त्याला' चालतं, इंग्रजीत 'यस्टर्डे' आला की 'हॅव' गेला. ही चार पोरांपुढं ठेवली तेव्हा कुणालाच काही खटकलं नाही, कारण या चारही वाक्यांच्या खाली मराठी वाक्य बसलेलं आहे आणि ते बरोबर आहे.

क्रियापद धरायची सवय इथंही कामाला आली. 'द क्वालिटी ऑफ दीज मँगोज आर गुड.' क्रियापद 'आर', कुणामागं? पोरं म्हणाली मँगोज. 'ऑफ'च्या पुढचं नाम झाका, 'क्वालिटी' उरते, म्हणून 'इज'. सोयाबीनच्या वाक्यातलीच गोष्ट, जवळचं नाम फसवतं. 'वन ऑफ माय फ्रेंड लिव्ज इन वाई' मध्ये उलटं, क्रियापद बरोबर आहे पण 'ऑफ'च्या पुढं 'फ्रेंड्स' पाहिजे.

स्टाफ सिलेक्शनच्या पोरानं विचारलं, ताई आर्टिकलचं काय? 'अ, ॲन, द' साठी मराठीत आधारच नाही, तिथं वाचन वाढवण्याशिवाय दुसरा रस्ता मला दिसत नाही, तसं त्याला सांगितलं.

१८ जुलै

चाचणी घेतली, पूर्ण संच, वेळ लावून. बाहेर पाऊस इतका की पत्र्यावर आवाज होऊन सूचना दोनदा सांगायला लागल्या.

'चूक नाही' या पर्यायावर बोलायला पाहिजे. पोरं दोन टोकाला जातात. कानावर सोडवणारी सारखी 'चूक नाही' करतात, आणि थोडं व्याकरण शिकलेली उलट 'चूक नाही' करायला घाबरतात, काहीतरी असणारच म्हणून बऱ्या वाक्यात खोड काढतात. संचात मुद्दाम अशी वाक्यं घातली होती जी बरोबर आहेत पण कानाला परकी वाटतात, 'तिने दोन्ही भावांना ओवाळले', 'मिरजेहून आलेली गाडी उशिरा पोचली', 'मला या वह्या नकोत'. 'ओवाळले'वर बऱ्याच जणांनी गोल केला, 'ओवाळलं' हवं म्हणून नाही, 'ओवाळली' पाहिजे होतं म्हणून, तिने ओवाळली. मग फळ्यावर परत, तिने ला ने, भावांना ला ना, क्रियापद मोकळं. जतच्या पोरानं ते स्वतः उठून समजावलं सगळ्यांना, मला बोलावंच लागलं नाही.

'चूक नाही' कधी करायचं तर तपासून झाल्यावर: क्रियापद कुणामागं, चा-ची-चे कुणाचं ऐकतो, जोडीची अव्ययं पूर्ण आहेत का, प्रत्येक-अनेकचं वचन, आणि शेवटी लेखन. एवढ्यात काही सापडलं नाही तर निःशंक गोल करायचा. एमपीएससीत चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या मार्कांचा चौथा हिस्सा कापतात, चार चुका म्हणजे एका बरोबर उत्तराचे मार्क गेले, तिथं अंदाजावर गोल करणं परवडत नाही. २०२३च्या तलाठी भरतीत निगेटिव्ह नव्हतं, तिथं मोकळा सोडायचा नाही. हे ज्याच्या त्याच्या परीक्षेच्या जाहिरातीत बघून ठरवायचं.

वेळेचं म्हणाल तर शेवटून वाचणाऱ्यांना सुरुवातीला जास्त वेळ लागतो, पण आज शेवटच्या पानाला तेच पुढं होते.

२४ जुलै

हरकती मागवल्या होत्या, चिठ्ठ्या आल्या. सगळ्यात चांगली हरकत पाटणच्या मुलीची. 'रमेशने त्याच्या आईला फोन केला' या वाक्यात आम्ही 'आपल्या' हवं असं उत्तर दिलंय. तिचं म्हणणं, रमेशनं दुसऱ्या कुणाच्या आईला फोन केला असेल तर? मग वाक्य बरोबरच आहे. गुरुजींना दाखवलं, ते म्हणाले पोरीचं खरं आहे. वाक्य आमच्याच नियमानं बाहेर.

आणखी एकानं लिहिलंय, 'केलं' आणि 'केले' यात पेपरला काय लिहायचं? औपचारिक लेखनात 'केले', कुणाच्या तोंडचं बोलणं लिहिताना 'केलं' चालतं. संचातली वाक्यं सगळी 'केले'वर ठेवलीत, हे पहिल्या पानावर टाकते.

३० जुलै

झेरॉक्स झाल्या. पाठपोट घेतल्या म्हणून स्वस्तात झालं, स्पायरल ज्याचं त्यानं मारून घ्यायचं. मागं उत्तरं, उत्तराखाली कारण, आणि 'घरात काय म्हणतो' हा रकाना मोकळा ठेवलाय, प्रत्येकानं आपल्या घरचं भरायचं. जतच्या पोरानं 'मी काम केलो' तिथं ठळक लिहिलं आणि शेजारी 'पेपरात: मी काम केले', खाली 'तो ठेवून बघ: त्याने काम केले'.

पाटणची मुलगी एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवायला घेऊन गेली. तिला सांगितलंय की आजीकडनं 'म्या' आणि 'मी' ची आणखी क्रियापदं लिहून आण, विशेषतः बोलणे, भेटणे, नेसणे यांचं काय होतं ते. ती आली की 'म्या'चं पान वाढवायचं. विरामचिन्हांचा भाग ऑगस्टमध्ये घेऊ, त्याची दहाबारा वाक्यं गुरुजींनी आधीच लिहून ठेवलीत.